रोटाव्हेटर जमिनीत टेकताच पीटीओ थांबतो

निपाणीहून प्रश्न: आमच्या वडिलांच्या जुन्या ट्रॅक्टरचा पीटीओ (इंजिनची ताकद अवजाराला देणारा मागचा फिरता शाफ्ट) मोकळा असताना उत्तम फिरतो, परंतु उसाचा खोडवा मोडताना रोटाव्हेटरची पाती जमिनीत शिरताच तो थांबतो, ट्रॅक्टर मात्र पुढे चालत राहतो. गिअरबॉक्स उघडावा लागेल का?

चिकोडीहून उत्तर: इतक्यात उघडू नका. चाके ओढत आहेत आणि केवळ पीटीओ थांबतो, त्यामुळे दुहेरी क्लच (चाकांसाठी एक आणि पीटीओसाठी वेगळी प्लेट) असल्यास पीटीओची प्लेट घसरत असण्याची शक्यता अधिक आहे. आधी क्लच पेडलचा फ्री प्ले (दाबताना सुरुवातीची मोकळी हालचाल) तपासावा आणि जळका वास येतो का, ते पाहावे. प्लेट बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधोमध वेगळा करावा लागतो, म्हणून त्याच वेळी दोन्ही प्लेटा आणि रिलीज बेअरिंगही पाहून घ्यावे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

खानापूरहून उत्तर: गिअरबॉक्सच्या तळाचा बोल्ट काढून थोडे ऑइल पांढऱ्या कापडावर घ्या. ते दुधाळ असल्यास पाणी शिरले आहे. आमच्याकडच्या पावसात गिअर लिव्हरचे रबर फाटले की हेच होते. चमकणारे धातूचे तुकडे दिसले, तरच गिअरबॉक्स उघडावा. पीटीओ शाफ्टच्या 6 खाचाही झिजल्या आहेत का, ते बोटाने चाचपावे, मात्र इंजिन बंद करून चावी खिशात ठेवल्यावरच.

निपाणीहून: ऑइल स्वच्छ आहे, पण पेडलला फ्री प्ले अजिबात नाही. उद्या तो जुळवून पाहतो.