‘तेव्हा’ आणि ‘आता’ची सरमिसळ
दुरावलेली जोडी बऱ्याच वर्षांनी आपल्या छोट्या गावात परत भेटते, अशा प्रेमकथांची ऑडिओबुक्स ऐकताना ‘तेव्हा’ आणि ‘आता’ या दोन काळांची सरमिसळ होते, अशी एक तक्रार असते. कारण बहुतेकदा एकच: काळ फक्त प्रकरणाच्या शीर्षकात, तोही दोन शब्दांत सांगितलेला असतो. नेमकं तेवढंच निसटतं. म्हणून स्लीप टायमर (ऑडिओ आपोआप थांबवणारी सोय) मिनिटांवर न लावता ‘प्रकरण संपेपर्यंत’ ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी सुरुवात शीर्षकापासूनच होते. ऐकण्याचा वेग १.२५ पट पुरे; १० तासांचं पुस्तक ८ तासांत होतं. त्यापुढे नेलं की संवादांमधले विराम आक्रसतात, आणि या कथांचा सगळा जीव तिथेच असतो! पुस्तक निवडताना त्याचा नमुना ऐकाल, तेव्हा निवेदनाचा प्रकारही बघा. ‘ड्युअल’मध्ये नायक-नायिकेची प्रकरणं दोन आवाज आळीपाळीने वाचतात, ‘ड्युएट’मध्ये प्रत्येकाचे संवादही ज्याच्या त्याच्या आवाजात येतात. भांडणाचे प्रसंग ड्युएटमध्ये फार खुलतात.