विनोदी असेल तरच मीम होतं?

"मूळ पोस्ट विनोदी असेल तरच तिचं मीम होतं" हे वरचं मत मला पटत नाही. आपल्या पुण्याजवळचंच उदाहरण घ्या. ऑगस्ट 2018, पिंपळे सौदागर. एका तरुणाने रुसलेल्या मैत्रिणीची माफी मागायला रस्त्यावर सुमारे 300 फलक लावले. तिचं आडनाव आणि पुढे 'आय ॲम सॉरी', बस्स. यात विनोद कुठे होता? तो बिचारा मनापासून माफी मागत होता. पण मजकूर इतका आखूड, की आडनाव काढून तिथे कुणालाही बसवता येत होतं. फोटो फिरले आणि आमच्या ग्रुपवर सुरू झालं: 'आई आय ॲम सॉरी, डबा तसाच राहिला', 'सर आय ॲम सॉरी, जर्नल अपूर्ण आहे'. साचा ओळखीचा आणि बदलायचा एकच शब्द, म्हणून नक्कल फोफावते. पुणेरी पाट्यांचंही तेच. त्या खऱ्या फाटकांवर खऱ्या वैतागातून लागल्या, आता तो सूर घेऊन कुणीही मोबाइलवर नवी पाटी बनवतो.

मला बोचतं ते वेगळंच. साच्यातली जागा रिकामी करता येते, पण मूळ नाव पुसलं जात नाही. ते मी इथे मुद्दामच लिहिलेलं नाही. त्याच आडनावाची एक मुलगी तेव्हा माझ्या भाचीच्या क्लासला होती, त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नसलेली. हजेरीला तिचं नाव आलं की मागच्या बाकावरून 'आय ॲम सॉरी' यायचं. सगळा वर्ग हसायचा. ती खाली मान घालून 'हजर' म्हणायची.