विषय: जनरेटर घराच्या पॅनेलला (ब्रेकरच्या पेटीला) कसा जोडावा?

नमस्कार मंडळी,
वादळांचा मोसम आलाय म्हणून साडेसात हजार वॅटचा पोर्टेबल जनरेटर घेतला. फ्रिज, घर गरम करणारी फर्नेस आणि बेसमेंटमध्ये साचलेलं पाणी उपसणारा संप पंप चालला तरी बास. शेजारी म्हणतो, दोन्हीकडे पिना असलेली वायर ड्रायरच्या सॉकेटात लाव, मेन ब्रेकर पाड, झालं काम. न्यू जर्सीत कुणी असं केलंय का?

---

उत्तर:
अरे, असलं काही करू नकोस. शेजाऱ्याची सगळी भिस्त मेन पाडण्यावर, आणि काळोखात, घाईगडबडीत नेमकं तेच राहतं. मग तुझे २४० व्होल्ट खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन पलीकडे हजारो व्होल्ट होतात. तिथे लाइन बंद समजून काम करणाऱ्याच्या जिवावर बेतेल. शिवाय वायरीचं एक टोक निसटलं, तर जिवंत पिना तुझ्याच हातात.

आपल्याकडे सोसायटीच्या जनरेटरला चेंजओव्हर स्विच असतो ना, तेच काम इथे इंटरलॉक करतो. पॅनेलवर सरकणारी पत्र्याची पट्टी, बस्स. मेन चालू असताना जनरेटरचा ब्रेकर वर जातच नाही, आणि उलटही. फक्त ती तुझ्याच पॅनेलच्या मॉडेलची हवी. बाहेरच्या भिंतीवर जनरेटरची केबल लावायला ३० अँपिअरचा इनलेट, तिथून १० गेजची तांब्याची वायर, पॅनेलमध्ये दोन पोलचा ३० चा ब्रेकर. टाउनशिपचं परमिट काढ, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घे.

वीज गेली की आधी सगळे ब्रेकर पाडायचे, मग पट्टी सरकवायची. जनरेटर चालू केल्यावर पहिला संप पंप, कारण सुरू होताना मोटर दुपटी-तिपटीने खेचते. बाकीचं एकेक करून. सेंट्रल एसीचं नावच काढू नकोस.

---

धन्यवाद काका! इलेक्ट्रिशियन म्हणतो, इंटरलॉक लावला तर जनरेटरवरचा जीएफसीआय (करंटची गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) सारखा ट्रिप होईल. खरंय?

---

उत्तर:
होऊ शकतं. जनरेटरच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले असतील तर. घराच्या पॅनेलमध्येही ते जोडलेलेच असतात आणि इंटरलॉक न्यूट्रल तोडत नाही. मग परतीचा थोडा करंट अर्थच्या तारेतून जातो आणि जीएफसीआयला ती गळती वाटते. काही मॉडेलांत आतली जोडणी काढायची सोय असते. मॅन्युअल बघ, पण हात इलेक्ट्रिशियनलाच लावू दे. नाहीतर न्यूट्रलही बदलणारा ट्रान्स्फर स्विच घे, महाग पडतो.

आता धुराचं बघ. पाऊस आहे म्हणून गॅरेजमध्ये जनरेटर ठेवणारे आपल्यातही आहेत. दार सताड उघडं असलं तरी कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो, आणि त्याला वासही नसतो. घरापासून २० फूट लांब, धुराचं तोंड खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला. केबल तेवढी लांब घे, मागाहून जोडायला लागू नये. आणि झोपायच्या खोल्यांबाहेर बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना, तो आजच दाबून बघ.