प्राण्यांची नावं म्हणजे झिजलेलं संस्कृतच ना?

शिवाजीपार्ककर: रविवारी भाचीला राणीच्या बागेत नेलं. तिचा प्रश्न : हत्तीला हत्ती का म्हणतात? म्हटलं, सोंड हाच त्याचा हात. हस्त असलेला तो हस्तिन्, त्याचा झाला हत्ती. मांजराचंही सांगितलं. मृज् म्हणजे साफ करणं. सारखं अंग चाटत बसणारा तो मार्जार. वाघ व्याघ्रातून, माकड मर्कटातून, गाढव गर्दभातून. सगळा माल संस्कृतचा. कुणाला पटत नसेल तर बोला.

चाळकरीण: बोलते. मुंगूस कुठून आणलंत? संस्कृतात तो नकुल. तेलुगूत मुंगिस, कन्नडात मुंगुसि, म्हणजे सोयरीक दक्षिणेकडची. आणि अश्वाचा घोडा कसा झाला तेही सांगा.

शिवाजीपार्ककर: घोडा घोटकावरून. घोटक संस्कृतच आहे, कोश उघडा!

चाळकरीण: उघडला. पण वेदांत अश्व आहे, घोटक बऱ्याच उशिरा येतो. रेशनकार्डावर नाव चढलं म्हणून माणूस याच चाळीत जन्मला असं होतं का? मोर घ्या. मयूर तर थेट ऋग्वेदात आहे, तरी तमिळमधला मयिल् बघून बरेच अभ्यासक तो द्राविडी मानतात. संस्कृतनं दिलं तसं घेतलंही. त्यात कमीपणा कसला?

पार्लेकर_आजोबा: दोघेही अर्थाकडे बघत नाही आहात. मृग म्हणजे मुळात कुठलंही रानटी जनावर, म्हणून शिकार ती मृगया. ऋग्वेदात हत्तीला 'मृग हस्तिन्', हातवालं जनावर, म्हटलंय. वानर तो शाखामृग. मलयाळममध्ये आजही मृगम् म्हणजे जनावरच. हरणापुरता तो नंतर उरला. (आपल्याला तर मृग म्हटलं की जूनचा पाऊसच आठवतो.)

शिवाजीपार्ककर: म्हणजे मलयाळममध्येही संस्कृतच. माझाच मुद्दा झाला की!

वेसावकर: आमच्या बंदरावर या, मग बोलू. बोंबील, मांदेली, निवटी, बांगडा. यांतलं संस्कृत काढून दाखवा.

शिवाजीपार्ककर: माशांनाही नावं आहेत. रोहित, त्याचाच रोहू.

वेसावकर: तो गोड्या पाण्यातला. खाऱ्यातला सांगा.

शिवाजीपार्ककर: तिमि! समुद्रातला अजस्र मासा. आणि त्यालाही गिळणारा तो तिमिंगिल.

वेसावकर: बरं. उद्या सकाळी आईला सांगतो, अर्धा किलो तिमिंगिल ठेव बाजूला, पार्कातलं गिऱ्हाईक येतंय.