मदत हवी: ऑर्गन हवा धरत नाही, नाटक तोंडावर

सातेरीकर: जत्रेचं संगीत नाटक जवळ आलंय. मंडळाचा जुना पायाचा ऑर्गन बाहेर काढला, तर पदाच्या दोन ओळी होईस्तोवर सूर खाली बसतो. वाजवणाऱ्याच्या पोटऱ्या भरून येतात. भाता वरून बघितला, कुठे फाटलेला दिसत नाही. गळती शोधायची कशी? त्याऐवजी पेटी घ्या असं कृपया कोणी सांगू नका, नाट्यपदामागे ऑर्गनचाच भरलेला सूर पाहिजे. लवकर सांगा.

मांडवीकाठ: कुठला ऑर्गन? घडीचा की कपाटासारखा उभा? पावसाळ्यात कुठे होता? एवढं तरी लिहा.

बोरीपूल: साबणाचा फेस लावा. सायकलच्या ट्यूबसारखे बुडबुडे येतील, तिथे फेविकॉल आणि कापड. माझी पेटी अशीच दुरुस्त केली, अजून चालते.

जुनंलाकूड: फेस अजिबात लावू नका! हातपेटीत भाता हवा बाहेर ढकलतो, म्हणून बुडबुडे येतात. पायाचे बरेचसे ऑर्गन उलटे चालतात: पायडल मारलं की आतली हवा ओढून बाहेर टाकली जाते आणि बाहेरची हवा सुरांमधून, म्हणजे आवाज काढणाऱ्या धातूच्या पात्यांमधून, आत शिरते. तिथे साबणाचं पाणी आत ओढलं जाईल, चामडं भिजेल, सूर गंजतील. आधी मागची फळी काढून बघा. पायडल मारताना मोठा भाता मिटत असेल तर तुमचा ऑर्गन ओढणारा आहे. मग सगळ्या खुंट्या, म्हणजे पट्ट्यांवरची ओढायची बटणं, बंद करून भाता पूर्ण मिटवा आणि पाय थांबवा. स्प्रिंगांनी तो हळूहळू उघडला पाहिजे. फटकन उघडला तर गळती भात्यात, त्याच्या झडपांत किंवा वरच्या पेटाऱ्याच्या (सूर बसवलेल्या खोक्याच्या) सांध्यात. बंद खुंट्यांवर टिकतो आणि उघड्यांवर लगेच जातो, तर पट्ट्यांखालच्या झडपा नीट बसत नाहीत.

बोरीपूल: हवा ती हवाच. वर्षानुवर्षं पेट्या उघडतोय मी.

जुनंलाकूड: पेट्या उघडता हे मान्य, पण दिशा वेगळी आहे. आणि फेविकॉल नको, सरस लावा. सरस ऊब आणि ओलावा देऊन पुन्हा सोडवता येतो. फेविकॉल लावलेला सांधा पुढच्या माणसाला लाकूड फोडून उघडावा लागतो.

रियाझ_म्हापसा: गोव्यातलं बोरी म्हटलं की पेटीवादक तुळशीदास बोरकर आठवतात. जन्म तिथलाच, आणि २०१६ साली पद्मश्री. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, त्या काळात या वाद्याची केवढी उपेक्षा झाली! त्यावर कोणीतरी वेगळा धागा काढा.

मांडवीकाठ: काढू, पण आधी ऑर्गन. सातेरीकर, उत्तर?

सातेरीकर: उभा आहे, कपाटासारखा. पावसात देवळाच्या मागच्या खोलीत होता, भिंतीला टेकून. मागची फळी काढली: पायडल मारलं की भाता मिटतो. खुंट्या बंद करूनही चटकन उघडतो. डावं पायडल उजव्यापेक्षा हलकं लागतं, पण ते पहिल्यापासून तसंच, म्हणून लिहिलं नव्हतं.

जुनंलाकूड: हेच तर पाहिजे होतं! डाव्या पायभात्याच्या (पायडलला जोडलेल्या छोट्या भात्याच्या) बाहेरच्या बाजूची चामड्याची झडप वळली किंवा कडक झाली असेल. मग पायडल दाबताना तो पायभाता मोठ्या भात्यातली हवा ओढण्याऐवजी खोलीतलीच ओढतो. पण मोठा भाता चटकन उघडतो, ती गळती निराळी. घड्यांच्या कोपऱ्यांवर रबराचं कापड आधी तडकतं, म्हणून मागून उजेड धरून प्रत्येक घडी बघा. पंखा बंद ठेवा. विझलेल्या अगरबत्तीचा धूर सांध्यांवरून फिरवा, जिथे आत ओढला जाईल तिथे फट. पेटती ठिणगी जुन्या कापडाजवळ नको. पेटाऱ्याचे स्क्रूही बघा, ओल सुकली की लाकूड आकसून ते ढिले पडतात.

सातेरीकर: धूर डाव्या कोपऱ्याच्या घडीत सरळ आत गेला! पेटाऱ्याचे दोन स्क्रू हाताने फिरतायत, ते आवळतो. झडप अगदी वळलेली आहे. पातळ मऊ चामडं फोंड्यात मिळेल का? देव बरें करूं.

बोरीपूल: चपला शिवणाऱ्याकडे शेळीचं विचारा, पॉलिश केलेलं नको. सरस मी देतो, घरी आहे.

रियाझ_म्हापसा: दुरुस्तीनंतर सूर लावून घ्या.

मांडवीकाठ: ते त्यांनी विचारलेलं नाही. सातेरीकर, चामडं लावण्याआधी झडपेचा फोटो टाका, गुळगुळीत बाजू कुठे आहे ते बघून सांगतो.