मदत हवी आहे: बाबांची चेनसॉ सुरू होईना (इंदूर)

नमस्कार मंडळी. बाबा गेल्यापासून त्यांची चेनसॉ (पेट्रोलवर चालणारी करवत) आठ वर्षं माळ्यावर पडून होती. परवाच्या वादळात अंगणातल्या कडुनिंबाची फांदी पडली, म्हणून खाली काढली. टाकीत जुनं पेट्रोल आटून मधासारखं चिकट झालेलं, वासही आंबूस. ते काढलं, नवा प्लग लावला, लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल घालून ताजं मिश्रण भरलं. ठिणगी छान पडते. प्लगच्या भोकातून चार थेंब पेट्रोल सोडलं की दोन सेकंद फुरफुरते आणि बंद! म्हणजे कार्ब्युरेटरमधून पेट्रोल येत नाहीये ना? त्याच्या आतला पेट्रोल ओढणारा पातळ पडदा (डायफ्रॅम) कडक झाला असेल का? पेट्रोलच्या नळीलाही बारीक चिरा दिसतात. इथल्या सियागंज बाजारात कार्ब्युरेटर दुरुस्तीचं किट मिळेल का? दुरुस्तीवाला म्हणतो, भंगारात द्या. मला ती द्यायची नाहीये. मुठीवर बाबांनी गुंडाळलेली सुतळी अजून तशीच आहे.