हार्ट्‌सची १९१४-१५ची लीग कशी हुकली?

फुटबॉलवेडा: एडिंबराला लेकीकडे आलोय. हेमार्केटला ट्रामची वाट बघताना घड्याळाचा दगडी खांब दिसला. जावई म्हणाला, हार्ट्‌स या इथल्या फुटबॉल क्लबच्या खेळाडूंचं स्मारक. ही काय भानगड आहे?

जुनाखेळ: काका, १९१४-१५च्या स्कॉटिश लीगमध्ये हार्ट्‌सनी पहिल्याच सामन्यात ग्लासगोच्या सेल्टिक क्लबला २-० हरवलं, ओळीने आठ सामने जिंकले, संघ अव्वल. पण पहिलं महायुद्ध सुरू झालेलं, लोक टोमणे मारायला लागले, धडधाकट पोरं चेंडू कसली लाथाडताहेत? नोव्हेंबर १९१४मध्ये अकरा खेळाडू एकदमच मॅक्रे नावाच्या माणसाने उभारलेल्या लष्करी पलटणीत भरती झाले.

फुटबॉलवेडा: मग खेळ बंद?

जुनाखेळ: छे! तेच तर. रात्री कवायत, मैलोन्‌मैल चाल, वर लशी टोचून दंड सुजलेले, आणि शनिवारी सामना. शेवटी सेंट मिरन आणि मॉर्टनकडून हरले. गुण झाले सेल्टिक ६५, हार्ट्‌स ६१. मला विचाराल तर खरे विजेते हार्ट्‌सच.

रविवारची_किक: सेल्टिकही चांगलंच खेळलं हो, उगाच कमी लेखू नका.

जुनाखेळ: बरं बाबा. पण १ जुलै १९१६ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत हार्ट्‌सचे वॅटी, करी आणि एलिस हे तिघे खेळाडू एकाच दिवशी गेले.

फुटबॉलवेडा: उद्या परत जातो तिथे. आज नुसती वेळ बघून निघालो होतो.